ठिपका पायानं पुसायचा नाही

भालेराव सर ठिपका कधी पायानं पुसत नसत. मातीत काढलेला असो, खड्यांचा मांडलेला असो, नाहीतर मेंढरांच्या लेंड्यांचा. काम झालं की गुडघे टेकून बसायचे आणि एक एक उचलायचे. त्यांची पांढरी पँट गुडघ्यावर कायम पिवळी असायची ती त्यामुळं. एखादं पोरगं घाईत पायानं फराटा मारायला गेलं तर सर त्याचा पाय धरायचे. खरोखर हातानं धरायचे. म्हणायचे, "अरे, तो ठिपका म्हणजे कुणाचा तरी दिवस आहे. दिवसावर पाय देतोस?"

मी चौथी शिकलेला माणूस. पुढं मेंढरं. पण परवा नात गणिताचं पुस्तक घेऊन ओसरीवर बसली होती. पान उघडं होतं. एक आडवी रेघ, एक उभी, आणि मधे नुसते ठिपके. मी म्हणालो, "हे चढाचे ठिपके हायत. एक वाढलं की दुसरं बी वाढतंय."

ती हसली. "आबा, तुम्हाला कुणी शिकवलं हे?"

"तुझ्या आजीला इचार," मी म्हणालो.

तोंडातून गेलं.  तिची आजी, म्हणजे माझी फुला, ह्या उन्हाळ्यात गेली.

फुलावर लिहायला मला जमत नाही. दोनदा बसलो, दोनदा उठलो. म्हणून सरांवर लिहितो. त्यात ती जेवढी येईल तेवढी येईल.

आमची वस्ती शिरूर तालुक्यात, कवठ्याच्या अलीकडं माळावर. आम्ही धनगर. बापजादे मेंढरांमागं हिंडले, आम्ही मेंढरं ठेवून एका जागी टेकलो, एवढाच फरक. भालेराव सर हायस्कुलात गणित शिकवायला आले ते बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या साली. मूळचे दौंडचे. वडील रेल्वेत होते. बायको छातीच्या दुखण्यानं आजारी, म्हणून ती दौंडलाच सरांच्या आईजवळ राहायची.

सर बौद्ध. गावात त्यांना खोली मिळाली नाही. तोंडावर कुणी नाही म्हणालं नाही. "आमच्याकडं पावणं यायचं हायत," असं म्हणत म्हणत सगळ्यांनी दारं लावली. पाव्हणे कुणाकडंच आले नाहीत. शेवटी आमच्या मेंढरांच्या वाड्यापलीकडं एक पडकं खोपाट होतं, त्यावर पत्रे टाकून सर राहिले आणि आमचे शेजारी झाले.

आमच्या आईनं त्यांना चहा पाजला, पण कप वेगळा ठेवला. बाहेरच्या कोनाड्यात, पालथा. हे झाकून मी काय करू? सरांना कळत होतंच. चहा पिऊन झाला की स्वतः कप विसळायचे, कोनाड्यात पालथा घालायचे आणि म्हणायचे, "चहा झक्कास, आक्का." आई मान खाली घालायची. पण कप आत आला नाही.

सरांकडं एक छत्री होती. तिची एक काडी मोडलेली. पाऊस नव्हता तरी ती काखेत असायची. ती काही डोक्यावर धरायला नव्हती, जमिनीवर रेघा ओढायला होती. बोलता बोलता छत्रीचं टोक मातीत टेकलं, की समजायचं आता सर काहीतरी मांडणार. आणि एक प्रश्न सारखा त्यांच्या तोंडात असायचा, "वाटतं का दिसतं?" कुणी म्हणालं, सर, आज उकाडा कालच्यापेक्षा जास्त हाय, की लगेच, "वाटतं का दिसतं?" एकदा आमच्या आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, "मास्तर, तुम्ही वाळलात," म्हटलं, तर त्यांनाही तेच. आबा म्हणाले, "आता तुमचा सदरा झेंड्यावानी फडफडतुया, ते काय वाटतंय व्हय?" सर पोट धरून हसले.

हायस्कुलाला खोल्या कमी होत्या. गणिताचा तास कडुलिंबाखाली भरायचा. मी जवळच मेंढरं चारायचो, म्हणून माझी ती फुकटची शाळा. एक दिवस सर सहसंबंध शिकवत होते. फळ्यावर ठिपके काढून दमले. पोरांचे चेहरे कोरडेच. तेवढ्यात त्यांची नजर माझ्या कळपावर गेली.

"ती बघा बिरूची मेंढरं. कशी आहेत आत्ता?"

"पांगल्यात, सर."

"हां. कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. ठिपके असे पांगले, तर म्हणायचं संबंध नाही. बिरू, जरा टेकाडाकडं हाकल की रे."

मी हाळी दिली, कुत्रं सोडलं. मेंढरांनी ओळ धरली आणि टेकाड चढायला लागली.

"आता?"

"चढाला लागल्यात!"

"जेवढी पुढं, तेवढी वर. हा सहसंबंध. ओळ जेवढी घट्ट, संबंध तेवढा घट्ट. आणि पलीकडनं उतरायला लागली तर?"

"जेवढी पुढं तेवढी खाली, सर. उलटा संबंध!"

एक लंगडी मेंढी पार मागं राहिली होती. एक पोरगं म्हणालं, "सर, ती ओळीत न्हाई. तिला सोडायची का?"

सर एकदम गंभीर झाले. "सोडायची नाही. तिच्याजवळ जाऊन विचारायचं, बाई गं, तू का मागं राहिलीस? ओळीतली जे सांगत नाहीत ते ती सांगते."

त्या दिवसापासून मी वाटेनं दिसलो की पोरं ओरडायची, "सहसंबंध आला रं, सहसंबंध आला!" आबांना वाटलं पोरं शिव्या देतात. काठी घेऊन धावले.

आणखी एक आठवतं. सडकेला एक उसाची रसवंती होती. त्या उन्हाळ्यात पोरांच्या नाकाचे घोळणे फुटायला लागले, भळाभळा रक्त. हेडमास्तरांनी हुकूम काढला की रसानं उष्णता होते, रसवंतीवर जायचं नाही. सरांनी पोरांना कामाला लावलं. कुठल्या दिवशी रस किती खपला ते रसवंतीवाल्याला विचारायचं, आणि त्या दिवशी किती जणांचा घोळणा फुटला ते बघायचं. खडे मांडले. ठिपके चढत गेले. जेवढा रस जास्त, तेवढे घोळणे जास्त.

"हेडमास्तरांचं खरं निघालं की," पोरं म्हणाली.

सर म्हणाले, "ठिपके खरे आहेत. पण जोडीनं चालणारे सगळे नवरा-बायको नसतात. मधे कोण लपलंय ते हुडका."

 मग मागं बसलेली एक पोरगी म्हणाली, "ऊन."

ऊन तापलं की रसही खपतो आणि घोळणाही फुटतो. सरांना एवढा आनंद झाला की तिला अख्खा खडू बक्षीस दिला. हुकूम काही उठला नाही. सर मात्र मधल्या सुट्टीत कचेरीच्या खिडकीसमोर उभं राहून रस प्यायचे, सावकाश, ग्लासाच्या तळापर्यंत.

मग तो दुष्काळ पडला. ज्यांनी तो बघितला त्यांना सांगायला नको, ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगून कळत नाही. रेशनची लाल मिलो ज्वारी खाल्ली, सरकारनं वाटलेली सुकडी खाल्ली. आणि माणसं कारण हुडकायला लागली. पाऊस का गेला? पारावर कुणीतरी बोललं, ह्यो दौंडचा मास्तर आला आन् पाऊस गेला. बोलणं सरांच्या कानावर गेलं. ते म्हणाले, "माझ्या येण्यानं पाऊस थांबत असेल तर मला कोकणात पाठवा. तिथल्या लोकांचे कपडे तरी वाळतील." लोक हसले, पण हसून झाल्यावर पुन्हा तेच बोलले.

आमच्या घरात कारण हुडकायला लांब जावं लागलं नाही. माझं लगीन त्याच साली झालं होतं. फुला दौंडकडची, कुरकुंभच्या शेजारच्या वाडीतली. माप ओलांडून ती घरात आली आणि महिन्याभरात मेंढरं मरायला लागली. खैरी गेली, बांडी गेली, काळतोंडी गाभण होती ती गेली. आईनं प्रत्येक मेंढी हातानं वाढवलेली. पहिल्यांदा ती रडली. मग तिनं रडणं थांबवलं आणि फुलाच्या पायांकडं बघायला लागली.

"पांढऱ्या पायाची हाय," एक दिवस आई सरळ बोलली. "येत्या बाजाराच्या दिवशी दौंडला पोचवायची. परत आणायची न्हाई."

मी म्हणालो, "मंग मी बी जातो."

"जा की," आई म्हणाली. "मेंढरं तरी जगतील."

टाकलेल्या बाईचं त्या काळात काय व्हायचं ते मला सांगवत नाही. फुला भाकरी थापत होती, ती थापत राहिली. फक्त थापेचा आवाज बारीक झाला.

सरांना हे माझ्याकडनं कळलं. रविवारी दुपारी ते छत्री घेऊन अंगणात आले. आबा बाजेवर होते, आई जात्यापाशी.

"आक्का, सुनेला पाठवता म्हणे?"

"आमच्या घरातलं हाय, मास्तर."

"घरातलंच आहे. मी फक्त विचारतो. तिच्यामुळं मेंढरं मरतात, हे वाटतं का दिसतं?"

आई उसळली. "दिसतं! आम्ही बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो आन् ही मागं घरी राहिली, की त्या आठवड्याला मेंढरू पडतंय. ह्या डोळ्यांनी बघितलंय."

"मग मांडू या," सर म्हणाले. "लेंड्या आणा."

छत्रीनं अंगणात दोन रेघा ओढल्या. आडव्या रेघेवर, एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत फुला किती दिवस घरी थांबली ते. उभ्या रेघेवर, त्या आठवड्यात किती मेंढरं मेली ते. एका आठवड्याची एक लेंडी. आईला सगळं पाठ होतं. मेंढीचं नाव घ्यायची आणि आठवडा सांगायची. सर लेंडी ठेवत गेले. मला वाटत होतं, आणि सरांनाही वाटत असणार, की लेंड्या पांगतील, माळावरच्या मेंढरांसारख्या. मग आईपुढं म्हणता येईल, बघा, काही संबंध नाही.

लेंड्या पांगल्या नाहीत. टेकाड चढावं तशा चढत गेल्या. जेवढे दिवस फुला घरी, तेवढी मेंढरं जास्त मेलेली.

आई उभी राहिली. "आता बोला! हे मी न्हाई मांडलं. तुमच्या हातानं मांडलंय तुम्ही."

सरांचा चेहरा उतरला. मी फुलाकडं बघितलं. ती दारात होती, पदर दातात धरलेला. तिला सगळं कळलं होतं. सरांनी दोन-चार लेंड्या इकडच्या तिकडं सरकवल्या असत्या तरी कुणाला कळणार होतं? त्यांचा हात हलला नाही.  मग पाणी मागितलं. पाणी पिऊन आबांना म्हणाले, "आबा, तुम्ही आणि बिरू कळप घेऊन घोडनदीच्या पात्राकडं जाता तेव्हा सगळी मेंढरं नेता?"

"सगळी कशी न्यायची? पात्र लांब हाय. ज्यानं मान टाकली, ज्याला चालवत न्हाई, ते मागं वाड्यात राहतं."

"त्याच्यापाशी कोण थांबतं?"

 आईच बोलली, रागातच. "हीच थांबती. दुसरं कोण? हिचा हात मऊ हाय. आजारी मेंढरू माझ्या हातनं पाणी पीत न्हाई, हिच्या हातनं पितं."

"म्हणजे मेंढरू आजारी पडलं की फुलाबाईला घरी ठेवायचं."

"व्हय."

"जास्त आजारी पडली की जास्त दिवस ठेवायचं."

"व्हय, मग—" आणि आई थांबली.

 सर हळू आवाजात म्हणाले, "आक्का, ठिपके तुमचेच खरे आहेत. फक्त बाण उलटा आहे. ती थांबली म्हणून मेंढरं मेली नाहीत. मेंढरं मरायला टेकली होती म्हणून ती थांबली."

"मला त्यातलं काय कळत न्हाई," आई म्हणाली आणि जात्याकडं तोंड फिरवून बसली.

आबा बाजेवरनं उठले. "दौंडला कुणी जायचं न्हाई," म्हणाले.

"आन् उद्या आणखी येक मेलं तर?" आईनं पाठमोरीच विचारलं.

"मरेल, आक्का," सर म्हणाले. "दुष्काळ आहे. आणखी मरतील."

गोड बोलायची त्यांना सवय नव्हती. मग ते लेंड्या उचलायला लागले, एक एक. फुला दारातनं आली, त्यांच्या समोर बसली आणि तीही उचलायला लागली. 

दुसऱ्या दिवशी कोनाडा रिकामा होता. सरांचा कप आत होता, आमच्या कपांत. फुलानं ठेवला होता. आईनं तो बघितला, फुलाकडं बघितलं, आणि काही बोलली नाही. आज सासू बोलणार नाही, हे त्या पोरीनं बरोबर हेरलं होतं.

पण आईनं आपला शब्द मागं घेतला असं काही झालं नाही. मरेपर्यंत एखादं मेंढरू पडलं की ती आधी फुलाकडं बघायची, मग मेंढराकडं. वळायची सवय लागलेली मान ठिपके मांडून सरळ होत नाही. फुलानं ते आयुष्यभर सोसलं आणि आईच्या शेवटच्या दुखण्यात तिच्या हातनंच आई पाणी प्यायली.

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी दौंडला बदली मागून घेतली. बायकोचं दुखणं वाढलं होतं. ते गेले आणि त्याच मृगात पाऊस लागला. झालं! पारावर बोलायला लागले, "बघा, मास्तर गेला आन् पाऊस आला." मला सरांची फार आठवण आली. हे ऐकायला ते हवे होते. त्यांनी खडे मागितले असते.

त्यानंतर ते मला एकदाच भेटले. आणीबाणी उठली होती, तेव्हाची गोष्ट. मी आणि फुला तिच्या माहेरी निघालो होतो. दौंडला उतरून पुढची एसटी धरायची होती. स्टेशनाबाहेर पिंपळाखाली बाकावर सर बसलेले दिसले. आधी मी छत्री ओळखली, मग माणूस. केस पांढरे, गाल आत. बाकावर शेंगांची पुडी सोडलेली, शेंगा सोललेल्या, पण दाणे खात नव्हते. टरफलं बाकावर शेजारी मांडून ठेवली होती.

फुला पाया पडली. सर म्हणाले, "फुलाबाई, मेंढरं बरी आहेत?"

"बरी हायत. बाई कशा हायत तुमच्या?"

"गेली. दिवाळीच्या आधी."

 सरांनी टरफलांकडं बोट केलं. "तिच्यापाशी राहायला मी बदली मागून आलो. आणि आल्यापासून ती खचत गेली. मी शाळेत गेलो त्या दिवशी बरी असायची. रजा टाकून घरी बसलो की त्या दिवशी दुखणं उसळायचं. जेवढा मी घरी, तेवढी ती वाईट. मांडून बघितलंय मी. हे बघा."

टरफलं चढत गेली होती. मला ते अंगण आठवलं.  ज्यांनी मला ठिपका दाखवला त्यांना मी काय सांगणार?

फुला कधी शाळेत गेली नव्हती. ती बाकाजवळ खाली बसली आणि टरफलांकडं बघत म्हणाली, "सर, रजा तुम्ही कवा टाकायचा?"

सरांची नजर टरफलांवर गेली.

"सकाळी त्यांना उठायला जमलं न्हाई, की टाकायचा ना?"

"हो."

"मंग बाण उलटा हाय."

सरांनी तिच्याकडं बघितलं. गाडीची शिटी झाली, हमाल आले गेले.  मग म्हणाले, "दिसतं, फुलाबाई. मला दिसतं ते. पण वाटत नाही."

तेव्हा मला ते शब्द नीट कळले नव्हते. आता कळतात. पुण्याच्या डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा मी फुलाला घरी आणली. तीच म्हणाली होती, वाड्यात न्या. घरी आणली आणि आठवडा काढला नाही तिनं. भावकी म्हणते, म्हाताऱ्यानं घरी आणली म्हणून गेली. ती जायला टेकली होती म्हणून आणली, हे मला दिसतं. बाण कुठल्या बाजूला आहे ते मला माझ्याच अंगणात शिकवलेलं आहे. पण तिची बाज भिंतीला उभी केलेली बघितली की छातीत जे उठतं ते दिसण्याचं ऐकत नाही.

त्या दिवशी दौंडला आमच्या एसटीनं हॉर्न दिला. फुलानं पदर डोळ्याला लावला आणि आम्ही पळत जाऊन गाडीत बसलो. खिडकीतून ती मागं बघत होती. "आजून उचलत्यात," म्हणाली.

मीही वाकून बघितलं. सर बाकासमोर गुडघे टेकून बसले होते. एक एक टरफल उचलत होते आणि सदऱ्याच्या खिशात टाकत होते. वाऱ्यानं एक उडालं, तर त्याच्यामागं दोन पावलं गेले, वाकले, तेही उचललं. गाडी वळली तेव्हा बाक रिकामा झाला होता, आणि सर उन्हात उभे होते, छत्री काखेत, एक हात खिशावर दाबून धरलेला.